नाळेचा वेढा, गाठ, घसरलेली नाळ: कशाला घाबरायचं आणि कधी धावत सुटायचं

"सिस्टर, रिपोर्टमध्ये वेढा लिहिलाय, आता सीझरच ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, कधी बिल्डिंगच्या जिन्यात, कधी लालबागला भाजी घेताना, आणि बऱ्याचदा रात्री साडेअकराला व्हॉट्सअपवर, सोनोग्राफीच्या कागदाचा तिरका फोटो आणि खाली चार रडके इमोजी. १९ वर्षं झाली मला मुंबईत लेबर रूममध्ये ड्युटी करून. वेढ्याला घाबरून रडत आलेल्या पोरी किती बघितल्या त्याची मोजदाद नाही, आणि त्यातल्या बहुतेक जणी तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन हसत घरी गेल्या. पण पाणी गेल्यावर आधी आंघोळ करून, वेणी घालून, नवऱ्याचा डबा भरून मग दोन तासांनी आलेल्या पण बघितल्यात, आणि त्यातल्या एकीला ते दोन तास फार महाग पडले. तिला वेढ्याबद्दल सगळं माहीत होतं, पाण्याबद्दल कोणी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही, तुमची केस तुमच्या डॉक्टरांनाच माहीत, पण त्यांना काय विचारायचं ते तरी हे वाचून कळेल.

आधी नाळ म्हणजे काय ते नीट कळू दे

ताजी नाळ हातात घेतली की ओल्या जाड दोरखंडासारखी लागते, निळसर पांढरी, पीळ पडलेली, आणि इतकी बुळबुळीत की ग्लोव्ह घातलेल्या हातातून पण सटकते. लांबी साधारण ५० ते ६० सेंटीमीटर. कापताना कात्रीला रबरासारखी चिवट लागते. आत तीन नळ्या असतात, एक शीर आणि दोन धमन्या. शीर वारेकडून (म्हणजे प्लॅसेंटाकडून) ऑक्सिजनवालं रक्त बाळाकडे आणते आणि धमन्या वापरलेलं रक्त परत नेतात, म्हणजे आपल्या शरीराच्या बरोब्बर उलटं. या तिघींच्या भोवती जेलीसारखा थर असतो, त्याला व्हार्टन्स जेली म्हणतात, आणि हीच खरी उशी, नाळ थोडी दाबली वळली तरी आतलं रक्त चालू राहतं ते हिच्यामुळे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळ पोटात असताना नाकातोंडाने श्वास घेतच नाही, त्याची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात, ऑक्सिजन सगळा नाळेतून येतो. त्यामुळे "गळ्यात नाळ आहे म्हणजे बाळाला फास बसला, श्वास कोंडला" हे जे चित्र आपल्या डोळ्यासमोर येतं ना, ते तसं नसतंच. प्रश्न गळा आवळला जाण्याचा नाही, नाळ दाबली जाते का आणि किती वेळ, एवढाच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं.

पहिली पायरी: सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचा, पण नीट वाचा

१८ ते २० आठवड्यांची जी मोठी सोनोग्राफी असते, जिला सगळे ॲनोमली स्कॅन म्हणतात, तिच्यात नाळेबद्दल दोनतीन गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्या कोणी वाचत नाही, सगळे वजन बघतात.

एक, नाळेत तीन नळ्या आहेत का दोन. शंभरात एखाद्या बाळाला, किंवा त्याहून कमी, एकच धमनी असते. रिपोर्टमध्ये 'टू व्हेसल कॉर्ड' किंवा 'सिंगल अंबिलिकल आर्टरी' असं येतं. ते एकटंच असेल, बाकी बाळ ठीक असेल, तर बहुतेक मुलं अगदी छान जन्मतात, फक्त डॉक्टर हृदय आणि किडन्या जरा बारकाईने बघायला सांगतात आणि शेवटच्या महिन्यांत वाढीची सोनोग्राफी एखादी जास्त होते. रात्रभर गूगल करत बसण्यासारखं काही नाही.

दोन, नाळ वारेला नेमकी कुठे जोडलीय. मधोमध असेल तर उत्तम, कडेला असेल तर लक्ष ठेवतात. पण 'व्हेलामेंटस' असं लिहिलं असेल तर तिथे थांबा आणि प्रश्न विचारा. म्हणजे नाळ थेट वारेत न शिरता आधी पाण्याच्या पिशवीच्या पडद्यात शिरते आणि तिच्या नळ्या जेलीच्या उशीशिवाय, उघड्यावाघड्या, पडद्यातून वारेपर्यंत जातात. त्या नळ्या गर्भाशयाच्या तोंडावरून जात असतील तर त्याला व्हासा प्रिव्हिया म्हणतात, आणि या अख्ख्या लेखात मला मनापासून भीती वाटते ती दोन गोष्टींची, त्यातली ही एक. कारण पिशवी फुटली की त्या नळ्या पण फाटू शकतात, आणि जाणारं रक्त आईचं नसतं, बाळाचं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात रक्त असतं किती, तर पाव लीटरच्या आसपास. चहाचे दोन कप.

पण हेच आधी कळलं तर? २००४ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात ज्यांना गरोदरपणातच निदान झालं होतं त्यांची ९७ टक्के बाळं वाचली, आणि ज्यांना माहीतच नव्हतं त्यांची ४४ टक्के. सोनोग्राफी तीच, मशीन तेच, फक्त कोणीतरी कलर डॉप्लर (त्यात रक्ताचा प्रवाह रंगात दिसतो) लावून गर्भाशयाच्या तोंडापाशी बघितलं होतं. त्यामुळे तुमची वार खाली असेल (२० आठवड्यांना खाली होती आणि नंतर वर गेली असं असेल तरी), वार दोन भागांत असेल, जुळी असतील, किंवा आयव्हीएफची प्रेग्नन्सी असेल तर सरळ विचारा, "डॉक्टर, व्हासा प्रिव्हिया नाही ना, डॉप्लरने एकदा बघाल का?" यात लाजायचं काही नाही. असेल तर कळा सुरू व्हायची वाट न बघता थोडं आधीच, बहुतेक ३४ ते ३७ आठवड्यांच्या मध्ये, ठरवून सीझर करतात.

तीन, पाणी किती आहे. पाणी फार कमी असेल तर नाळ बाळ आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये चेपली जाऊ शकते, फार जास्त असेल तर पिशवी फुटताना पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली येऊ शकते.

दुसरी पायरी: वेढ्याचं काय करायचं

काही नाही करायचं, खरंच. डिलिव्हरीच्या वेळी दर चारपाच बाळांमागे एकाच्या गळ्यात वेढा निघतो. बाळ पोटात कोलांट्या मारतं, वेढा पडतो, सुटतो, परत पडतो, ३२ आठवड्यांना दिसलेला वेढा ३८ला नसतो आणि ३८ला नसलेला डिलिव्हरीत निघतो. कित्येक सोनोलॉजिस्ट तो रिपोर्टमध्ये लिहीतच नाहीत, आणि मला ते पटतं, कारण लिहिला की घरात चूल पेटत नाही.

डोकं बाहेर आलं की डॉक्टर किंवा आम्ही सिस्टर पहिलं काम काय करतो तर बोट गळ्याभोवती फिरवून बघतो. वेढा सैल असेल तर गळ्यातली माळ काढावी तसा डोक्यावरून काढतो, दोन सेकंदांचं काम. दोन वेढे असतील तर दोनदा. घट्ट असेल तर खांद्यावरून सरकवतात, नाहीतर बाळाला वेढ्यासकट आईच्या मांडीकडे दुमडून बाहेर घेतात आणि मग सोडवतात, अगदीच नाइलाज झाला तर तिथेच दोन चिमटे लावून कापतात. घट्ट वेढ्याच्या बाळाचा चेहरा निळसर, सुजलेला, बारीक लाल ठिपके आलेला दिसू शकतो, आजी बघून ओरडते, पण ते बहुतेक वेळा काही दिवसांत जातं. क्वचित बाळाला रक्त कमी पडतं, कारण दाब आला की मऊ भिंतीची शीर आधी चेपते आणि धमन्या मात्र बाळातलं रक्त वारेकडे ढकलत राहतात. म्हणून असं बाळ फिकट वाटलं, सुस्त वाटलं तर डॉक्टर रक्त तपासतात.

म्हणजे फक्त वेढा आहे म्हणून सीझर, हे सहसा कारण होत नाही. वेढा आहे आणि कळांमध्ये बाळाचे ठोके पडतायत आणि सावरत नाहीयेत, हे कारण होतं. दोन्हीत फरक आहे आणि तो विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि हो, तू हात वर करून कपडे वाळत घातलेस, गळ्यात साखळी घातलीस, ग्रहणात भाजी चिरलीस, उठून न बसता तशीच कुशीवर वळलीस म्हणून वेढा पडला, हे सगळं खोटं. आमच्या वॉर्डमध्ये एका आजीने बाळाच्या मामाला तीन दिवस वर येऊ दिलं नव्हतं, वेढा घेऊन जन्मलेलं मूल मामाला भारी म्हणून, आधी वाटीतल्या तेलात तोंड बघायचं मग बाळाचं. तो बिचारा ठाण्याहून रोज डबा घेऊन यायचा आणि खाली वॉचमनशी गप्पा मारून परत जायचा. तेलात बघण्याने बाळाचं काही बिघडत नाही, बघा हवं तर, पण बाळंतिणीला "तुझ्यामुळे झालं" असं म्हणू नका, तिच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं.

गाठीचं पण पटकन सांगते. नाळेला खरी गाठ शंभरात एखाद्या बाळाला असते, लांब नाळ असेल, सुरुवातीच्या महिन्यांत बाळ पोटात खूप फिरलं असेल तर. सोनोग्राफीत ती भरवशाने दिसत नाही, बहुतेक सैल असते, डिलिव्हरीनंतर आम्ही वारेबरोबर उचलतो तेव्हा कळतं. ती घट्ट होत असेल तर बाहेरून मिळणारी खूण एकच, बाळ कमी हलतं. म्हणून पुढची पायरी.

तिसरी पायरी: हालचाल मोजा

२८ आठवड्यांनंतर रोज एक वेळ ठरवा, जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर, मोबाईल बाजूला ठेवून. दोन तासांत १० हालचाली व्हायला हव्यात, बहुतेक बाळं अर्ध्या तासातच उरकतात. पण आकड्यापेक्षा तुमच्या बाळाची रोजची सवय महत्त्वाची, रोज रात्री दहाला धिंगाणा घालणारं बाळ आज गप्प असेल तर ते गप्प आहे, मग आकडा काही का असेना.

"शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून हलत नाही" हे वाक्य जी कोणी सांगेल तिला नमस्कार करा आणि हॉस्पिटलला जा. लाथांची तऱ्हा बदलते, ढुशीऐवजी सरकल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. गार पाणी पिऊन बघू, गोड खाऊन बघू, उद्या सकाळी बघू, असं करत रात्र घालवू नका. मोबाईलच्या ॲपवर किंवा ऑनलाइन मागवलेल्या डॉप्लरवर ठोके ऐकून पण समाधान मानू नका, त्यात आईच्याच नाडीचा आवाज येतो कित्येकदा. हॉस्पिटलमध्ये पोटाला दोन पट्टे बांधून २० मिनिटं एनएसटी काढतात, ठोके ११० ते १६० मध्ये आहेत का आणि बाळ हललं की वाढतात का ते बघतात. नॉर्मल आला तर घरी, उगाच आलात म्हणून आमच्यापैकी कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तर रागावू दे.

चौथी पायरी: हॉस्पिटल ठरवताना विचारायचे प्रश्न

हे सातव्या महिन्यात करा, नवव्यात नाही. रात्री तीन वाजता सीझर करायची वेळ आली तर इथेच होईल का? भूलतज्ज्ञ हॉस्पिटलमध्ये असतात का फोन करून बोलवावे लागतात? बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे का, नसेल तर बाळाला कुठे पाठवता? रक्त कुठून येतं? छोट्या नर्सिंग होममध्ये किंवा जवळच्या प्रसूतिगृहात साधी डिलिव्हरी उत्तम होते, पण तुमचं बाळ आडवं किंवा पायाळू असेल, पाणी जास्त असेल, जुळं असेल, दिवस पूर्ण व्हायच्या आधी कळा यायची शक्यता असेल, तर केईएम, नायर, सायन, वाडिया, कामा अशा मोठ्या ठिकाणी आधीच नाव घालून ठेवलेलं बरं. सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये डिलिव्हरी, सीझर, औषधं, आणि आणण्यानेण्याची गाडी मोफत मिळावी म्हणून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे.

रस्त्याचा पण हिशोब करा. भांडुपहून परळ दुपारी किती आणि जुलैमध्ये हिंदमाताला पाणी भरलं की किती, हा हिशोब मुंबईत प्रत्येकाने स्वतःचा स्वतः करायचा असतो, त्यामुळे पावसाळ्यातली तारीख असेल तर दुसरं जवळचं हॉस्पिटल पण ठरवून ठेवा. आणि डोहाळेजेवण झाल्यावर माहेरी कोकणात जायचं असेल तर आईच्या हातचं खायला जरूर जा, पण तिथून सीझर होणारं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते विचारून मग. बाळ पायाळू असेल तर माझं मत, जाऊच नका, आईलाच इकडे बोलवा.

पाचवी पायरी: पाणी गेलं, आता मिनिटामिनिटाचं काम

ही दुसरी गोष्ट जिची मला भीती वाटते. पिशवी फुटली आणि बाळाच्या डोक्याच्या आधी नाळ खाली आली तर बाळाचं डोकं तिच्यावर बसतं आणि रक्तपुरवठा बंद. याला कॉर्ड प्रोलॅप्स म्हणतात. हजारात एक ते सहा बाळंतपणांत होतं, म्हणजे बऱ्याच जणींना कधीच बघायला मिळत नाही, पण आडवं किंवा पायाळू बाळ, जास्त पाणी, जुळ्यातलं दुसरं, वेळेआधीचं बाळ, वर तरंगणारं डोकं, यात शक्यता वाढते.

पाणी गेलं की पहिलं, घड्याळ बघा. पॅड लावा, कपडा नाही, आणि रंग बघा. पाण्यासारखं किंवा किंचित पिवळट असेल तर ठीक. हिरवट, काळपट असेल तर बाळाने पोटात शी केलीय. लाल असेल, पोटात दुखत नसताना रक्त जात असेल, तर वर सांगितलेली व्हासा प्रिव्हिया असू शकते. मग एकदा खाली हात लावून किंवा आरशात बघा की काही दोरीसारखं, मऊ, धडधडणारं लागतंय का. किळस वाटते मला माहितेय, पण पाच सेकंद लागतात. काही नसलं तरी बॅग उचला आणि निघा, आंघोळ तिकडे पण होते.

आणि लागलं तर? तर हे वाक्य पाठ करा: ढुंगण वर, डोकं खाली. जमिनीवर किंवा पलंगावर गुडघे आणि कोपरं टेकून, छाती गादीला लावून, कंबर जितकी वर जाईल तितकी वर. बाळ पोटाकडे सरकतं आणि नाळेवरचा दाब कमी होतो. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा आणि "नाळ बाहेर आलीय" हे शब्द पहिल्या वाक्यात सांगायचे. हॉस्पिटलला पण फोन करून हेच सांगा, म्हणजे ओटी, ऑपरेशन थिएटर, तयार राहते. नाळ आत ढकलायची नाही, ओढायची नाही, परत परत हात लावून बघायचं नाही, हाताने आणि गार हवेने नळ्या आकसतात. बाहेर लोंबत असेल तर स्वच्छ ओलसर कोमट कपड्याने हलकेच झाका. कळ आली तरी जोर करायचा नाही. पाणी, चहा, काही तोंडात घालायचं नाही, भूल द्यावी लागणार असते. गाडीत गुडघ्यावर राहणं जमत नाही, पडाल, तिथे डाव्या कुशीवर आणि कमरेखाली दोन उशा. चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहत असाल तर चालत उतरू नका, चौघांनी खुर्चीत बसवूनही नाही, चादरीत कुशीवर आडवं करून उतरवा.

हॉस्पिटलमध्ये काय होतं ते पण ऐकून ठेवा म्हणजे दचकणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या नाइटला दुसरटकरीण होती, बाळ पायाळू, वॉर्डमध्येच पाणी गेलं. रेसिडेंट डॉक्टर मुलगी, जेमतेम सव्वीस वर्षांची, तिने तपासायला हात घातला आणि म्हणाली, "सिस्टर, कॉर्ड, पल्सेट होतेय," म्हणजे नाळ हाताला लागतेय आणि धडधडतेय. त्यानंतर तिने हात बाहेर काढलाच नाही. ट्रॉलीवर पेशंट गुडघ्यावर, डॉक्टर तिच्या मागे ट्रॉलीवरच गुडघे टेकून, हाताने बाळाला वर ढकलून धरलेलं, दोघींवर मिळून एक हिरवी चादर, मी सलाईन धरून पळतेय, मावशी पुढे ओरडत जातेय "बाजू द्या". लिफ्टमनने दोन माणसांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. ओटीत भूल चढून बाळ बाहेर येईपर्यंत तिचा हात तिथेच होता, नंतर तिला बोटं सरळ करता येईनात. बाळ पहिल्या मिनिटाला मलूल होतं, पाचव्या मिनिटाला रडलं. तर कोणी असा हात घालून ठेवला, लघवीच्या पिशवीत नळीने सलाईन भरलं, कळा थांबवायचं इंजेक्शन दिलं, तर ते बाळासाठीच चाललंय. त्या वेळी नातेवाईकांचं एकच काम, कन्सेंटवर सही. साहेबांना फोन लावतो, मुहूर्त विचारतो, घरच्यांशी बोलतो, हे नंतर. ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत ३० मिनिटांच्या आत, जमल्यास त्याहून लवकर, असा प्रयत्न असतो.

सहावी पायरी: बाळ आलं, रडलं किंवा नाही रडलं

रडलं, अंगात जोर आहे, तर नाळ लगेच कापायची घाई नको. डब्ल्यूएचओ म्हणतं किमान एक मिनिट, एक ते तीन मिनिटांच्या मध्ये. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि पुढचे सहा महिने लोहाचा साठा चांगला राहतो. आधीच सांगून ठेवा, घाईच्या ड्युटीत विसरलं जातं. (नाळेचं रक्त बँकेत साठवा म्हणून जे फोन येतात त्यांना मी काय सांगते ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण स्वतःच्या बाळासाठी खाजगी बँकेत पैसे भरून ठेवण्याला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, पाठिंबा देत नाही, एवढं सांगते.)

नाही रडलं तर नाळ लगेच कापून बाळ वॉर्मरवर नेतात, पुसतात, गरज पडली तर पहिल्या मिनिटाच्या आतच मास्कने श्वास देतात. एक आणि पाच मिनिटांना अपगार स्कोअर लिहितात, व्हर्जिनिया अपगार नावाच्या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५३ मध्ये ही पद्धत मांडली. रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा जोर, श्वास, प्रत्येकी दोन मार्क, सात आणि त्याच्या वर चांगलं. पहिल्या मिनिटाचा स्कोअर कमी म्हणजे मूल मंद होणार, असं अजिबात नाही, हे कृपया वॉर्डबाहेर कोणी बोलू नका.

ऑक्सिजन बराच वेळ कमी पडला असेल तर बाळाच्या मेंदूला त्रास होतो, त्याला एचआयई म्हणतात. सौम्य, मध्यम, तीव्र असे तीन प्रकार. बाळ सुस्त असतं, चोखत नाही. आणि सायकल चालवल्यासारखे पाय हलवतं, ओठ चाटतं, एकटक बघतं, तर त्या फिट्स असू शकतात. सौम्य असेल तर बहुतेक बाळं चांगली होतात. मध्यम किंवा तीव्र असेल तर बाहेरच्या देशांत बाळाला सहा तासांच्या आत थंड करायला घेतात, ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास. आपल्याकडे हे सरसकट का करत नाहीत असं विचारतात, तर भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर अभ्यास झाला, हेलिक्स नावाचा, २०२१ मध्ये छापला, त्यात थंड केलेल्या बाळांना फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले. त्यामुळे तुमचे डॉक्टर नको म्हणाले तर तो हलगर्जीपणा नाही. दुसऱ्या हॉस्पिटलला नेताना बाळ गारठू देऊ नका, आणि युट्यूब बघून बर्फबिर्फ तर अजिबात नाही.

एनआयसीयूत रोज तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहा: फिट्स आल्या का, किती औषधांनी थांबल्या, आणि दूध ओढायला लागलं का. यावरून पुढचा अंदाज येतो. एमआरआय कधी करणार ते पण विचारा.

सातवी पायरी: घरी आल्यावर

नाळेचा उरलेला तुकडा पाच ते पंधरा दिवसांत वाळून पडतो. त्याला कोरडं ठेवायचं, लंगोट किंवा डायपर बेंबीच्या खाली दुमडायचा, बस. तेल, हळद, तूप, राख, पावडर, काजळ, काही नाही. पडताना एखादा थेंब रक्त चालतं. भोवतीची कातडी लाल झाली, पू आला, घाण वास आला, ताप आला किंवा बाळ दूध घेईना तर त्याच दिवशी दाखवा, उद्या नाही. तीन आठवडे झाले तरी पडला नाही तरी दाखवा. रडताना बेंबी फुगते म्हणून नाणं बांधू नका, बहुतेकांची चारपाच वर्षांपर्यंत आपोआप आत जाते.

ज्यांच्या बाळाला एचआयई झाला होता त्यांनी मात्र "बाळ छान दिसतंय" म्हणून फॉलोअप सोडू नका. कानाची बेरा टेस्ट, डोळे, डोक्याचा घेर, आणि दर तीन महिन्यांनी वाढ. घरी काय बघाल: तीन महिन्यांनंतर पण मुठी घट्ट मिटलेल्या, तीन महिन्यांपर्यंत बघून हसत नाही, चार महिन्यांना मान धरत नाही, डायपर बदलताना पाय कात्रीसारखे अडकतात, वर्षाच्या आत एकच हात वापरतं. यातलं काही दिसलं तर "आमचा बाबू पण उशिरा चालला" म्हणणाऱ्या काकूंचं ऐकू नका. पहिल्या दोन वर्षांत मेंदू जितकं शिकतो तितकं नंतर नाही शिकत, म्हणून फिजिओ लवकर सुरू केली तर फरक पडतो. सेरेब्रल पाल्सी प्रत्येक वेळी नाळेमुळेच होते असंही नाही, वेळेआधी जन्म, इन्फेक्शन, जास्त वाढलेली कावीळ, बरीच कारणं असतात, त्यामुळे डॉक्टर सगळंच तपासतात.

मुंबईत त्या बाबतीत आपण नशीबवान. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, कानांसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सुरू केलेली स्पास्टिक्स सोसायटी जी आता अडॅप्ट म्हणून चालते, आणि २००१ पासूनचं उम्मीद बालविकास केंद्र. निदान झालं तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढा, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, तिच्यात थेरपीचे पैसे पण बसतात.

राहिला शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक आई दुसऱ्या वेळी खालच्या आवाजात विचारते, "परत होईल का?" वेढा, गाठ, नाळ घसरणं, हे एकदा झालं म्हणून पुढच्या वेळी होतंच असं नाही, ते बाळाच्या त्या वेळच्या स्थितीवर असतं. फक्त नवीन डॉक्टरांना पहिल्याच व्हिजिटला मागची डिस्चार्ज समरी दाखवा. तिची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो पण, कारण कपाटाच्या वर ठेवलेली मूळ फाईल नेमकी पावसाळ्यात ओली होते आणि त्यातलं अपगारचं पानच वाचता येत नाही.